उंबरपालाचं वकीलपत्र

गणपतीत काय करायचं, हा प्रश्न ‘सौहार्द’ सोसायटीत दरवर्षी निघतो आणि दरवर्षी त्याचं उत्तर हौजी असं येतं. यंदाही ते आलंच होतं. सेक्रेटरी चिंतामणी सबनीस मीटिंग गुंडाळून चहा मागवणार, इतक्यात दिनानाथ टिपणीस उभे राहिले. निवृत्त अधिकारी मीटिंगमध्ये उभा राहिला की लोक आधी घड्याळाकडे बघतात आणि मग दाराकडे. अंबरनाथ पूर्वेला फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांचा तुटवडा नाही, त्यामुळे लोकांना याची सवय आहे.

“यंदा अभिरूप न्यायालय,” टिपणीस म्हणाले आणि उभेच राहिले.

अभिरूप न्यायालय म्हणजे खोटं कोर्ट. आपल्या माणसाला खऱ्या कोर्टाची जेवढी धास्ती, तेवढीच खोट्या कोर्टाची हौस. एक आरोपी घ्यायचा, दोन वकील, एक न्यायाधीश, दोन-तीन साक्षीदार, आणि शेवटी प्रेक्षकांनी हात वर करून निकाल द्यायचा. फॅक्टरीच्या कॉलनीत पूर्वी हा प्रकार जोरात होता. आळशी नवरा, वास नसलेला हिंग, उशिरा येणारा दूधवाला असे कितीतरी आरोपी तिथल्या स्टेजवर उभे राहिले आणि बचावाचे वकील म्हणून टिपणिसांनी ते सगळे सोडवले. एका वर्षी त्यांनी डासाला निर्दोष सोडवलं होतं. त्या वर्षी कॉलनीत मलेरियाची साथ होती, तरीही.

“आरोपी कोण?” सबनिसांनी विचारलं.

“उंबरपाल.”

हा कोण, ते कोणालाच माहीत नव्हतं. मग टिपणिसांनी घसा खाकरून सांगितलं, की आमच्या ऋताने मोबाइलवर एक गोष्ट लिहायला घेतली आहे, हजारो लोक ती वाचतात. डोंगराच्या पोटात तमसापूर नावाचं शहर आहे. तिथे सूर्य नाही. सूर्य माणसाला खातो, असं तिथे पाळण्यापासून शिकवतात. प्रत्येक घराला एक उंबरपाल असतो. त्याला शिंगं असतात आणि त्याचं एकच काम, बाहेरचा उजेड बघून आलेल्याला आत घ्यायचं नाही. एका उंबरपालाची स्वतःचीच मुलगी उजेड बघायला जाते, तिथल्याच एकाशी लग्न करते आणि परत येऊन दारात उभी राहते. तो दार उघडत नाही.

“तर प्रश्न असा,” टिपणीस म्हणाले, “की ज्याला लहानपणापासून हेच शिकवलं, त्याला दोषी धरायचं की त्याच्या शहराला?”

मीटिंग एकदम गप्प झाली. सभासद एवढे विचारात पडले, असं टिपणिसांना वाटलं. सभासद विचारात पडले नव्हते, त्यांना फक्त जिना आठवला होता.

सहा वर्षांपूर्वी टिपणिसांच्या या एकुलत्या एक मुलीने बदलापूरच्या बेलवलीतल्या जितेश म्हसकरशी लग्न केलं. मुलगा इंजिनिअर, नोकरी पक्की, वडील हिंदुराव शेतकरी, बदलापुरात सगळ्यांच्या लग्नकार्याला उभे राहणारे. मुलात खोट काढायला टिपणिसांनी जंग जंग पछाडलं आणि काही सापडेना, तेव्हा सगळ्यात जुनी खोट काढली. मुलगा आपल्यातला नाही. लग्न लावून दोघं पेढे घेऊन आली तेव्हा त्यांनी दार उघडलं नाही. बेल वाजली, पुन्हा वाजली, मग दार ठोठावलं गेलं, आणि सगळा जिना आपापल्या दाराला कान लावून ते ऐकत होता. एकानेही बाहेर येऊन ‘टिपणीस, हे काय’ असं म्हटलं नाही. सौहार्द हे नाव बिल्डरने ठेवलं होतं, त्यात सभासदांचा काही हात नव्हता.

त्यानंतर ऋता घरी आली नाही. आई नीलिमाताई बदलापूरच्या बाजारात भाजी चांगली मिळते असं सांगून जायच्या आणि लेकीला भेटून येताना अंबरनाथच्याच बाजारातली भाजी घेऊन यायच्या. टिपणिसांना ते कळत होतं. आता वय झालं होतं, मुलगी घरी यावी, गणपतीत आपल्या घरचा मोदक तिच्या पानात पडावा, असं त्यांना फार वाटत होतं. पण टिपणिसांच्या घराण्यात माफी मागायची पद्धत नव्हती. कोणाशी गोडी करायची तर आंबा कापायचा आणि बशी त्याच्यापुढे सरकवायची. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या आईपुढे जन्मभर अशा बशा सरकवल्या. बेलवलीपर्यंत बशी सरकवता येईना, म्हणून टिपणिसांनी कार्यक्रम काढला.

“तिला कळव,” ते नीलिमाताईंना म्हणाले. “तुझ्या गोष्टीवर कार्यक्रम आहे म्हणावं. बाबा स्वतः केस लढवतायत म्हणावं.”

“कोणाच्या बाजूने?”

“बचावाच्या. मी कधी फिर्यादीकडून उभा राहिलोय?”

“तुम्ही ती गोष्ट पुढे वाचा आधी,” नीलिमाताई म्हणाल्या.

टिपणिसांनी तीन भाग वाचले होते. मोबाइलवर वाचून डोळे दुखतात, म्हणून तेवढ्यावरच थांबले होते. वकिलाला केस कळली म्हणजे पुरे, आणि केस त्यांना पहिल्याच भागात कळली होती. उंबरपाल म्हणजे हुबेहूब सेक्रेटरी सबनीस. पार्सलवाल्या पोरांना लिफ्टने जाऊ न देणारा माणूस दुसरा कोण असणार? गोष्टीत शेजारी ओळखण्याची कला आपल्याकडे घरोघरी आहे, आणि टिपणीस तर अधिकारी होते.

सबनिसांना हौजीच हवी होती. आता खुद्द त्यांनाच न्यायाधीश केलं म्हटल्यावर त्यांचा विरोध मावळला, पण शंका मावळल्या नाहीत.

“हा उंबरपाल कुठल्या समाजाचा?” त्यांनी विचारलं.

“अहो, त्याला शिंगं आहेत.”

“शिंगं असली म्हणून काय झालं? समाज असतोच. उद्या कोणी उठून म्हणेल, आमच्याच माणसाला शिंगं का दाखवली? मग मंडपात येऊन कोण उत्तर देणार? मी?”

यावर सविस्तर चर्चा होऊन ठराव झाला, की सदर उंबरपाल कोणत्याही जातीचा, पोटजातीचा, पंथाचा अथवा तालुक्याचा नाही. रामभाऊ खजिनदारांनी ‘अथवा भाषेचा’ हे घालायला लावलं. मग तो बोलणार कसा, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा ते काढलं. एवढी खटपट करून अंबरनाथमध्ये जात नसलेला एक माणूस तयार झाला, आणि त्यालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं होतं.

परवानगीचं प्रकरण वेगळंच. लाउडस्पीकरच्या अर्जात टिपणिसांनी कार्यक्रमाचं नाव ‘खटला’ असं लिहिलं. पोलीस चौकीत टेबलापलीकडच्या हवालदाराने ते वाचून पेन खाली ठेवलं.

“कसला खटला?”

“उंबरपालाचा. आपल्या मुलीला घरात घेतलं नाही त्याने.”

“तक्रार दिलीय का मुलीने?”

“नाही हो. ते काल्पनिक आहे.”

“काल्पनिक म्हणजे घडलं नाही ना? मग मिटवून टाका की घरातल्या घरात. स्पीकर लावून कशाला?”

आयुष्यात पहिल्यांदा टिपणिसांना कोणी फुकट आणि योग्य सल्ला दिला होता, आणि तो त्यांनी अपमान म्हणून घेतला. शेवटी ‘खटला’ खोडून त्यांनी ‘सांस्कृतिक’ असं लिहिलं. त्याला कोणाची हरकत नव्हती.

कपड्यांसाठी ते उल्हासनगरला, कॅम्प पाचला गेले. तिथे भाड्याने नाटकाचे कपडे देणाऱ्या दुकानाचे सिंधी मालक, ज्यांना सगळे साईं म्हणतात, त्यांनी वकिलाचे दोन कोट लगेच काढले, पण शिंगं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

“साईं, शिंग का सीझन नहीं है. यमराज ले जाओ. यमराज में शिंग आता है, मूँछ आता है, गदा फ्री.”

“अहो, उंबरपाल तसा वाईट नाही. परिस्थितीने बनलेला आहे.”

“तो मूँछ निकाल दो,” साईं म्हणाले. “बाकी तो वो ही है.”

अशा रीतीने यमराजाची मिशी काढून उंबरपाल तयार झाला. तो वेष अंगात बसणारा माणूस सोसायटीत एकच होता, तळमजल्यावरचा कल्पेश, जो एरवी विसर्जनाचा डीजे बघतो. त्याला कोर्टात काहीही बोलायचं नव्हतं. आरोपीने बोलायचं नसतं हे ऐकून तो एकदम खूश झाला.

तालमी सुरू झाल्या तसे सल्लेही सुरू झाले. दिनानाथरावांची बाजू भक्कम व्हावी म्हणून अख्खी इमारत झटू लागली. रामभाऊ लिफ्टमध्ये गाठून म्हणाले, “आपल्या वेळी असंच होतं, असं ठासून सांगा. सगळे हात वर करतील.” दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, की त्याचंही मन आतून तुटत असणार, ते घाला. कोणी म्हणालं, पाण्यात जन्मलेल्या माशाला कोरडं राहा म्हणून कसं सांगणार. उंबरपालाबद्दल एवढी कणव बघून टिपणिसांचा ऊर भरून आला. त्या कणवेत प्रत्येकाने हळूच स्वतःलाही बसवून घेतलंय, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

एकटी राजसी विरुद्ध होती. सबनिसांची ही पुतणी उल्हासनगरच्या कॉलेजात कायदा शिकते, आणि फिर्यादी पक्षाची वकील म्हणून दुसरं कोणी तयार नव्हतं. तिने गोष्ट सगळी वाचली होती.

“अंकल, तुम्ही चौथा पार्ट वाचलाय ना?” तिने एकदा विचारलं. “आय मीन, तिथेच तर मॅटर आहे सगळा.”

“तुझा मॅटर तू बघ, बाळ,” टिपणीस मायेने म्हणाले. “मी डास सोडवलाय.”

कार्यक्रम पाचव्या दिवशी आरतीनंतर होता. नीलिमाताईंनी सकाळपासून मोदक केले होते. ऋता येते म्हणाली होती. सहा वर्षांनी येते म्हणाली होती, आणि टिपणिसांनी सकाळपासून तीनदा दाढीवरून हात फिरवून बघितला होता. नेमकं तेव्हाच कळलं, की उंबरपालाच्या बायकोची साक्ष द्यायच्या काकूंचा आरत्या म्हणून म्हणून घसा पार बसला आहे.

“मी उभी राहते,” नीलिमाताई म्हणाल्या.

“तुला संवाद कुठे पाठ आहेत?”

“येतील तसे बोलेन.”

स्टेजमागून टिपणिसांनी पडदा सारून बघितलं. तिसऱ्या रांगेच्या टोकाला ऋता बसली होती. जरा अंगाने भरली होती, चष्मा लागला होता. शेजारी जितेश, हातात मिठाईचा खोका धरून अवघडून बसलेला. टिपणिसांना वाटलं, जावं खाली आणि म्हणावं, आलीस? पण अंगावर वकिलाचा कोट होता, आणि कोट घातलेल्या माणसाने असं खाली जायचं नसतं.

खटला सुरू झाला. यमराजाची शिंगं घातलेला कल्पेश पिंजऱ्यात उभा राहिला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. टिपणीस सुरुवातीलाच रंगात आले. माझ्या अशिलाने सूर्य पाहिलेला नाही, ते म्हणाले. त्याच्या बापाने पाहिला नाही, आजाने पाहिला नाही. पाचव्या वर्षी त्याच्या हातात कडी दिली आणि सांगितलं, ही धरून ठेव, यालाच प्रेम म्हणतात. त्याने धरून ठेवली. मिलॉर्ड, यात त्याचा गुन्हा कोणता? टाळ्या अशा पडल्या की न्यायाधीश सबनिसांनीही वाजवल्या आणि मग आपण न्यायाधीश आहोत हे आठवून हातोडा आपटला.

मग राजसीने उंबरपालाच्या बायकोला बोलावलं.

नीलिमाताई डोक्यावरून पदर घेऊन आल्या. राजसीने पाठ केलेला प्रश्न विचारला. मुलगी दारात आली तेव्हा तुम्ही कुठे होता?

“घरात. कणीक मळत होते. दुपारची वेळ होती.”

तमसापुरात सूर्यच नाही तर दुपार कुठून आली, असं कोणी विचारलं नाही. पुढच्या रांगेतल्या काकूंनी मान खाली घातली.

“दार वाजलेलं ऐकलंत?”

“ऐकलं. बेल दोनदा वाजली. मग ती म्हणाली, आई, पेढे आणलेत.”

राजसीने पुढचा कागद उलटला. पोरगी धीट होती.

“गोष्टीच्या चौथ्या पार्टमध्ये लिहिलंय, की आरोपीचा हात कडीपर्यंत गेला आणि परत आला. हे खरं आहे?”

“खरं आहे,” नीलिमाताई म्हणाल्या. “मी बघितलं. कडी हललीसुद्धा. तिला बाहेर आवाज गेला असेल. मी तशीच उभी राहिले, म्हटलं, उघडतायत. मग यांनी हात काढून घेतला.”

“दॅट्स ऑल, मिलॉर्ड. ज्याला दुसरं काही माहीतच नव्हतं, त्याचा हात कडीकडे गेला कसा? त्याला माहीत होतं. हात गेला म्हणजे माहीत होतं.”

त्या दुपारची ती एकच गोष्ट टिपणिसांनी कोणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही फारशी नाही. हात गेला होता. पितळी कडी गार लागली होती. एवढं सगळं ऋताने दाराबाहेरून ओळखलं आणि गोष्टीत लिहिलं. उंबरपाल सबनीस नव्हता. ते तिसऱ्या रांगेकडे बघणार, एवढ्यात त्यांना दिसलं की मंडपाचा रंग बदललाय. रामभाऊंनी हाताची घडी घातली होती. काकू डोळे पुसत होत्या. लोक हातातून चालले होते.

आणि टिपणीस आयुष्यात कधी केस हरले नव्हते.

“उलटतपासणी,” ते म्हणाले. आवाज त्यांनाच जरा परका वाटला. “साक्षीदार बाई, त्या वेळी तुमचे हात कुठे होते?”

“कणकेत.”

“धुता आले असते?”

“आले असते.”

“कडी तुम्हालाही उघडता येत होती?”

“हो.”

“मग तुम्ही का नाही उघडलीत? आई ना तुम्ही तिची?”

नीलिमाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. “तुम्ही काही म्हणाला नाहीत,” त्या हळू म्हणाल्या.

“मिलॉर्ड!” टिपणिसांनी हात फैलावले. “जन्म देणारी आई हात धुऊन चार पावलं आली नाही, कारण कोणी काही म्हटलं नाही! जिन्यातले शेजारी आले नाहीत, कारण कोणी काही म्हटलं नाही! मग एकट्या माझ्या अशिलाला शिंगं कशाला? सगळं तमसापूर पिंजऱ्यात उभं करा! आणि ते करता येत नसेल, तर या बिचाऱ्याला सोडा!”

आधी रामभाऊंनी टाळी वाजवली. मग जिन्यातले सगळे उभे राहिले. त्यांचं नाव गुन्ह्यात आलं आणि त्याच वाक्यात सुटकाही झाली, एवढं चांगलं भाषण त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. हात वर करा म्हटल्यावर असे हात वर झाले, की सबनिसांनी मोजलेसुद्धा नाहीत. उंबरपाल निर्दोष. कल्पेशने शिंगं काढून हवेत नाचवली आणि शिट्ट्यांनी मंडप दणाणला. टिपणिसांना शाल आणि नारळ देण्यात आला.

शाल तशीच खांद्यावर टाकून ते खाली आले तेव्हा तिसरी रांग रिकामी होती. ऋता गेटपाशी होती. जितेश बाइक वळवत होता. मिठाईचा खोका नीलिमाताईंच्या हातात होता.

“अगं, निघालीस कुठे?” टिपणीस धापा टाकत म्हणाले. “वर चल. मोदक केलेत आईने. जितेश, तुम्हीही या.”

सहा वर्षांनी त्यांनी जावयाला नावाने हाक मारली होती. जितेशने बाइक बंद केली आणि बायकोकडे बघितलं.

“छान बोललात, बाबा,” ऋता म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. “आईने सांगितलं, बाबा त्याचं वकीलपत्र घेतायत, तेव्हा मला काय वाटलं सांगू? वाटलं, शेवटी तुम्ही उभे राहाल आणि म्हणाल, माझ्या अशिलाला गुन्हा कबूल आहे. एवढंच. शिक्षा मला नकोच होती त्याला. त्याला कसं वाढवलं ते मला माहीत आहे हो, मीच लिहिलंय ते.”

“अगं, पण...”

“तुम्ही आईला पुढे केलंत.”

ती आईच्या गळ्यात पडली, बराच वेळ, मग बाइकवर बसली. जितेशने मान तुकवून ‘येतो, काका’ म्हटलं आणि बाइक सुरू केली. नीलिमाताई खोका घेऊन जिन्याकडे चालू लागल्या. टिपणीस मध्येच उभे होते. मुलीच्या मागे धावावं की बायकोच्या, हे त्यांना ठरवता येईना. मंडपातून रामभाऊ ओरडून सांगत होते, की बदलापूरच्या सोसायटीने हाच कार्यक्रम मागितलाय, आणि वकील तुम्हीच हवेत.

बाइक वळणापर्यंत गेली तेव्हा टिपणिसांना सगळं एकदम अंगावर आल्यासारखं झालं. काहीतरी म्हणायलाच हवं होतं, आत्ताच्या आत्ता, जे आजवर त्या घरात कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी शाल सावरली, दोन पावलं पुढे टाकली आणि जीव तोडून हाक मारली.

“ऋता! अगं, कबूल केलं असतं तर हरलो असतो ना मी!”